हेडफोन लावून अंधारात पडून राहणारा मुलगा

प्रश्न एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगा पंधरा वर्षांचा. गेले दोन महिने रोज रात्री दिवा मालवतो, हेडफोन लावतो आणि चाळीस-पन्नास मिनिटं निपचित पडून राहतो. काय ऐकतोस विचारलं तर "काही नाही गं". तो आंघोळीला गेला असताना आईने त्याचा फोन पाहिला. गाणी नव्हतीच. एकसुरी गुणगुणीच्या लांबलचक फायली होत्या आणि त्यातल्या काहींना चक्क अमली पदार्थांची नावं. इंटरनेटवर शोधल्यावर 'डिजिटल ड्रग्ज' हा शब्द समोर आला आणि बाईंची झोप उडाली. त्या विचारतात: यानं खरंच नशा चढते का? व्यसन लागतं का? मेंदूला इजा होते का? हेडफोन काढून घेऊ का? आणि शेवटी, जरा अडखळत: फोन पाहिला हे त्याला सांगू का?

मी किशोरवयीन मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषांत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचा जीव भांड्यात पडेल असं सांगते. ध्वनीच्या फाईलने दारू-गांजासारखी नशा चढत नाही. नशेच्या पदार्थाचं रसायन रक्तातून मेंदूत जातं आणि तिथल्या पेशींवरच्या ठरावीक जागांना चिकटतं. ध्वनीत चिकटायला काहीच नसतं. फाईलला गांजाचं नाव दिलं म्हणून तिच्यात गांजा उतरत नाही. ते नाव विकणाऱ्याने दिलंय, आणि पंधरा वर्षांच्या मुलाने नेमकी तीच फाईल उघडावी म्हणून दिलंय. मात्र 'काही होत नाही, सोडून द्या' असंही मी म्हणणार नाही. दोन-तीन धोके खरे आहेत. फक्त तुम्ही जिथे घाबरलात तिथे ते नाहीत.

हे आवाज आहेत तरी काय, ते समजून घ्या, कारण मुलाशी बोलताना निदान त्याच्याइतकं तुम्हाला ठाऊक असायला हवं. त्यांना बायनॉरल बीट्स म्हणतात. डाव्या कानात ४०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४०० कंपनांचा) सपाट सूर सोडायचा, उजव्या कानात ४०४ हर्ट्झचा. एकेकटे ऐकले तर दोन्ही सूर कंटाळवाणे, जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलल्यावर यायचा तसे. पण एकदम दोन्ही कानांत गेले की डोक्याच्या मधोमध हेलकावा जाणवतो, वंव-वंव-वंव, सेकंदाला चार वेळा. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा जेमतेम बेसूर असल्या की आवाज असाच लहरतो, आणि खुंटी पिळत नेली की लहर मंद होत होत थांबते. पण तंबोऱ्याची लहर हवेतच असते, शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. बायनॉरलची लहर हवेत नसते, कुठल्या एका कानातही नसते. दोन्ही कानांकडचे संदेश मेंदूच्या बुंध्याशी, ब्रेनस्टेममध्ये, जिथे पहिल्यांदा एकत्र येतात तिथे ती तयार होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखणारी यंत्रणा तिथेच आहे. ही लहर म्हणजे त्या यंत्रणेची गंमतशीर फसगत. त्यासाठी सूर साधारण हजार हर्ट्झच्या खालचे लागतात आणि दोहोंतला फरक तीसेक हर्ट्झच्या आत लागतो. फरक त्याहून वाढला की दोन वेगळे सूर ऐकू येतात आणि खेळ संपतो.

हाइनरिश विल्हेल्म डोव या प्रशियन भौतिकशास्त्रज्ञाच्या हे १८३९ च्या सुमारास लक्षात आलं, हेडफोन जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. १९७३ साली जेराल्ड ऑस्टर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यावर लेख लिहिला आणि विषय प्रयोगशाळेबाहेर पडला. म्हणजे मुलांना नादी लावायला कुणी कालपरवा शोधून काढलेलं हे हत्यार नाही.

आता एक प्रयोग. अशा जवळपास प्रत्येक मुलासोबत मी तो करते. त्याची आवडती फाईल लावायची आणि एका कानातला इअरबड काढायचा. हेलकावा जागच्या जागी गायब झाला, नुसता सपाट सूर उरला, तर ती खरी बायनॉरल फाईल. हेलकावा तसाच राहिला, तर तो आधीच आवाजात मिसळलेला आहे. म्हणजे तंबोऱ्याचाच प्रकार, नाहीतर सूर ठरावीक लयीत चालू-बंद केलेला, ज्याला आयसोक्रॉनिक म्हणतात. स्पीकरवर लावली तरी अस्सल बायनॉरल उरत नाही, कारण दोन्ही सूर हवेतच एकमेकांत मिसळतात. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू राहिला असेल तरी तेच. गंमत अशी, की महिनोन्‌महिने या फायली ऐकणाऱ्या मुलांनाही हे कोणी सांगितलेलं नसतं.

एकदा दोन मित्र आले होते, म्हणजे आणले गेले होते. दोघंही शपथेवर सांगत होते की अमुक फाईल ऐकली की हात जड होतात, छत खाली आल्यासारखं वाटतं. कशी ऐकता विचारलं, तर इअरबड्सची जोडी एकच. एक याच्या कानात, एक त्याच्या. मी कागदावर दोन कान काढले, एकावर ४०० लिहिलं, दुसऱ्यावर ४०४, आणि कागद मधोमध फाडून एकेक तुकडा दोघांच्या हातात दिला. म्हटलं, "आता बीट कुठे आहे?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यातला धाकटा म्हणाला, "पण डॉक्टर, हात तर जड झाले होते."

तो खोटं बोलत नव्हता. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आणि अंधारात डोळे मिटून पडलेल्या माणसाला तर ते फारच लवकर दिसतं. काहीतरी होणार म्हणून वाट बघत चाळीस मिनिटं न हलता पडलात तर हात जड होतातच. श्वास संथ होतो, अंगाखालच्या गादीचं भान सुटतं, डोळ्यांपुढे रंग सरकतात. हे कुठल्याही निरोगी माणसाला होतं. शिथिलीकरणाचे व्यायाम शिकवताना आम्ही मुद्दाम हेच घडवून आणतो. त्यामुळे मुलाला "तुला काही होत नाही, सगळे मनाचे खेळ" असं म्हणून उडवून लावू नका. त्याला जे जाणवतं ते खरं आहे. ते कशामुळे होतं याबद्दलचा त्याचा अंदाज तेवढा चुकलाय.

विकणाऱ्यांचा दावा मेंदूच्या लहरींवर उभा आहे. हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विद्युत लहरी नोंदवल्या आणि तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे, की गाढ झोपेत या लहरी सेकंदाला चारच्या खाली असतात, डोळे मिटून निवांत बसल्यावर आठ ते तेरा, विचारात गुंतल्यावर त्याहून जलद. यावरून हिशेब मांडला गेला: चारची बीट ऐकवा, झोप येईल, दहाची ऐकवा, शांत वाटेल, वीसची ऐकवा, अभ्यास होईल. कानावर सतत एक ठोका पडत राहिला की त्याचा बारीकसा माग मेंदूच्या नोंदीत दिसतो, हे खरं आहे. पण मनःस्थिती बदलली की लहर बदलते, म्हणून लहर बदलली की मनःस्थिती बदलेल हा उलटा हिशेब झाला. उजाडताना कोंबडा आरवतो. मध्यरात्री त्याला डिवचून आरवायला लावला म्हणून उजाडत नाही.

संशोधन काय म्हणतं ते थोडक्यात सांगते. २००५ साली 'अ‍ॅनस्थेशिया' या नियतकालिकात शस्त्रक्रियेची वाट बघणाऱ्या १०८ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. बायनॉरल बीट मिसळलेलं संगीत ऐकणाऱ्यांची धास्ती साधारण २६ टक्क्यांनी उतरली, बीटशिवाय तेच संगीत ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनी, आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ४ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा जाहिरातींत सारखा मिरवला जातो. २०२० साली 'ईन्यूरो'मध्ये आलेला अभ्यास कोणी मिरवत नाही. त्यात मेंदूने बीटचा माग घेतला, पण हवेत मिसळलेल्या साध्या बीटचा त्याहून जास्त घेतला, आणि मनःस्थिती दोन्हींनी बदलली नाही. २०२३ साली 'प्लॉस वन'मध्ये १४ अभ्यासांचा आढावा आला. मेंदूची लय बीटप्रमाणे जुळते या दाव्याच्या बाजूने पाच अभ्यास, विरुद्ध आठ, एक अधांतरी. माझं स्वतःचं मत असं, की काही लोकांना थोडंफार शांत वाटायला याची मदत होत असावी, पण तितकीच मदत पावसाच्या आवाजाने किंवा आवडत्या संथ गाण्याने होते. गाण्याने तर जास्तच. आवडत्या गाण्यावर अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन सुटतं, हे माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलंय. पण त्याला कोणी डिजिटल ड्रग म्हणत नाही.

जाता जाता, त्याच्या फोनमध्ये ४३२ किंवा ५२८ हर्ट्झच्या 'विश्वाच्या कंपनांच्या' फायलीही सापडतील. त्यांच्याकडे बघून हसलात तरी चालेल. ४३२ हाच निसर्गाचा सूर आणि वाद्यं ४४० ला जुळवणं हा कट, असा त्यांचा दावा असतो. पण ४४० हर्ट्झ हा वाद्यं जुळवण्यासाठी माणसांनी आपसांत ठरवलेला आकडा आहे, त्यामागे कुठलाही कट नाही. आपल्याकडे तर कोणी काळी चारमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. षड्ज लावेल तिथे असतो आणि विश्वाचं काही बिघडत नाही.

'डिजिटल ड्रग्ज' या शब्दाची भीती २०१० मध्ये जोरात पसरली. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात शाळकरी मुलं अशा फायली ऐकताना आढळली आणि तिथल्या अमली पदार्थविरोधी विभागाने पालकांना सावध केलं. त्या बातमीतला एक मुद्दा मला आजही रास्त वाटतो. त्यांची खरी काळजी फाईलची नव्हती. फाईल शोधायला गेलेलं मूल ज्या संकेतस्थळांवर पोचतं, तिथे खरे पदार्थ विकणारेही असतात, ही त्यांची काळजी होती. पुढे २०२१ च्या 'ग्लोबल ड्रग सर्व्हे'मध्ये २२ देशांतल्या तीस हजारांहून अधिक लोकांना याबद्दल विचारलं गेलं. वर्षभरात बायनॉरल बीट्स ऐकलेले साधारण ५ टक्के निघाले. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी ते झोपेसाठी किंवा निवांतपणासाठी ऐकले होते. पदार्थासारखा अनुभव मिळावा म्हणून ऐकणारे १२ टक्क्यांच्या घरात होते. हे सर्वेक्षण मुळात पदार्थांविषयी कुतूहल असलेली माणसं आपणहून भरतात, त्यामुळे हे आकडे सगळ्या समाजाला लावता येत नाहीत. तरी कल बघा: बहुतेकांना झोप हवी आहे.

व्यसनाचं विचारलंत. शरीर अडकतं तसं व्यसन याचं लागत नाही. फाईल बंद केली म्हणून हातपाय थरथरले, घाम फुटला, असं होत नाही. सवय मात्र लागते. थोपटल्याशिवाय न झोपणारं बाळ आठवा. मेंदू झोपेची सांगड एखाद्या गोष्टीशी घालतो आणि ती गोष्ट नसली की ताटकळतो. ही सवय हळूहळू सुटते, आणि सोडवण्याची घाई दर वेळी करायला हवी असंही नाही.

आता ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं ते. तुमच्या पत्रात फायलींची नावं आहेत, मिनिटं आहेत, लक्षणांची यादी आहे. एक गोष्ट नाही: तो हेडफोन लावतो त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात घरात आणि त्याच्या फोनवर काय झालेलं असतं.

चौदा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. ती रोज साडेदहाला फाईल लावायची. दहाला नाही, अकराला नाही. आईने वहीत सगळं टिपून आणलं होतं: फाईलचं नाव, किती मिनिटं, किती हर्ट्झ. साडेदहालाच का, हे मात्र वहीत नव्हतं. तिसऱ्या भेटीत मुलगी नखाने खुर्चीच्या हाताचं रेक्झिन कुरतडत म्हणाली, "बाबा तेव्हा येतात." बाबा आले की स्वयंपाकघरात आईबाबांचं सुरू व्हायचं आणि भिंत पातळ होती. फाईलचं नाव 'गाढ झोप' होतं, काम एवढंच, की भिंतीपलीकडचं ऐकू येऊ नये. आणि ते दोघं माझ्यासमोर बसून विचारत होते, चार हर्ट्झने मुलीच्या मेंदूवर काय परिणाम होईल.

प्रत्येक घरात असंच असतं असं मी म्हणत नाही. कुणाला वर्गाच्या ग्रुपवर आपल्याबद्दल चाललेली चेष्टा डोक्यातून काढायची असते. कुणाचं मन परीक्षेच्या आदल्या रात्री थाऱ्यावर नसतं. कुणाला निव्वळ कुतूहल असतं, मित्राने 'जबरदस्त आहे' म्हटलेलं असतं, आणि महिनाभरात कंटाळून तो दुसऱ्या कशाच्या मागे लागतो. हाच प्रकार सर्वांत जास्त. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं. मुलाला अकराला झोप येत नाही यात त्याचा आळस नसतो. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि बहुतेकांना ती मिळत नाही. मग झोप आणण्याचं आश्वासन देणारी कुठलीही फाईल मोलाची वाटणारच.

एक प्रकार विरळा आहे, पण त्याची मला धास्ती असते. काही मुलांना समोर कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागतात, आणि ते दाबायला ती तासन्‌तास हेडफोन लावून बसतात. घरच्यांना वाटतं, गाण्यांचं वेड. म्हणून मी प्रत्येकाला सरळ विचारते: "काही ऐकू येऊ नये म्हणून लावतोस का?" बहुतेक मुलं हसतात. एखादं गप्प होतं.

हेडफोन काढून घेण्याबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत मी एका वडिलांना तोच सल्ला दिला होता. मुलगा सोळाचा. हेडफोन कपाटात ठेवा, म्हटलं, आठवड्यात विसरेल. वडिलांनी त्याच रात्री ठेवले. पुढच्या भेटीला मुलगा आला नाही. महिन्याने आला तेव्हा कळलं, की शाळेत त्याला काही मुलं सतत छळत होती आणि दिवा मालवला की दिवसभराचं सगळं पुन्हा सुरू व्हायचं. फाईल लावून तो कशीबशी झोप काढत होता. ती गेल्यावर दहा-बारा रात्री जागला आणि मग त्याचा हात आजीच्या झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटाला लागला. आजीने गोळ्या मोजल्या म्हणून लक्षात आलं. निरुपद्रवी गोष्ट काढून घेऊन मी त्याला खऱ्या औषधापाशी नेऊन सोडलं होतं. त्यानंतर कुठल्याही मुलाचा आधार, मग तो कितीही हास्यास्पद दिसो, त्याच्या जागी दुसरं काही ठेवल्याशिवाय मी काढायला सांगत नाही.

आता खरे धोके. पहिला कानाचा, आणि तो हर्ट्झशी नाही, आवाजाच्या पातळीशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा ७५ डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच तास, तेही अख्ख्या आठवड्यात. पूर्ण आवाजावर कित्येक इअरफोन १०० डेसिबलच्या घरात जातात. सपाट सुराची पंचाईत अशी, की त्यात कर्कश काही नसल्याने तो मोठा वाटतच नाही, आणि मुलं 'असर' येईना म्हणून आवाज वाढवत नेतात. हेडफोन काढल्यावर कानात शिटी वाजत राहते का, हे त्याला आवर्जून विचारा. वाजत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या. इअरबड घालून रात्रभर झोपणं तर बंदच.

दुसरा धोका आवाजाचा नाहीच, सोबतच्या चित्राचा आहे. यातले बरेच व्हिडिओ आवाजाच्या लयीत पडदा लुकलुकवतात. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने, विशेषतः १५ ते २५ वेळा, काही मुलांना फेफरं येऊ शकतं, आणि आधी कधी आलेलं नसलं तरी येऊ शकतं. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. मुलाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर लुकलुकणारे व्हिडिओ नकोतच, आणि बीट्सबद्दलही मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिसरं, काही मुलं 'ट्रिप' येणार या अपेक्षेने पडलेली असताना स्वतःच्याच धडधडीला घाबरतात. छाती दाटते, आपण मरतोय असं वाटतं. हा पॅनिकचा झटका असतो. अशा वेळी हेडफोन काढायचा, दिवा लावायचा, पाय गार फरशीवर टेकवायचे आणि त्याच्याशी सावकाश बोलत राहायचं. काही मिनिटांत ओसरतो. असे झटके वारंवार येऊ लागले तर दाखवायला आणा.

फायली बाजूला ठेवा आणि पुढचं बघा. दोन आठवड्यांहून अधिक काळ तो उदास किंवा सतत चिडलेला आहे का; मित्र तुटलेत का; आवडीचा खेळ, वाद्य, जे काही असेल ते सोडून दिलंय का; जेवण-झोप पार बदललीये का; घरातले पैसे किंवा गोळ्या कमी होतात का. यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, बीट्स ऐकत असो वा नसो. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलला असेल, तर थेट विचारा: "स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, विचारणारं कोणी आहे हे कळतं. 'हो' म्हणाला तर त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा.

असं काही नसेल, तर घरच्या घरी पुरे. वेळ अर्धा तास ठेवा आणि टायमर लावायला त्यालाच सांगा. आवाज एवढाच, की खोलीत साध्या आवाजात हाक मारलेली त्याला ऐकू येईल. चित्र नको, फोन पालथा. रस्त्यावर, सायकलवर अजिबात नाही. आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री हेडफोनऐवजी स्पीकरवर पाऊस किंवा एखादं संथ वाद्य लावून बघायला सांगा. तेवढीच झोप लागली, तर बीटचं काम काय होतं ते त्याचं त्यालाच कळेल. तुम्ही व्याख्यान देऊ नका. पदार्थांचं नाव असलेल्या फायलींबद्दल एकदाच, शांतपणे विचारा: ही कुठे मिळाली, कुणी दिली, तिथे आणखी काय विकतात? या प्रश्नाचं उत्तर फाईलपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. हो, सांगा, आणि आजच सांगा. लपवलंत तर पुढच्या प्रत्येक बोलण्यात तुम्हाला 'मला कुठून कळलं' याचं नाटक करावं लागेल, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला नाटक पाच मिनिटांत कळतं. समोरासमोर बसवून नको. गाडीत किंवा भांडी आवरताना, नजर दुसरीकडे असताना बोलणं सोपं जातं. एवढंच म्हणा: "तू आंघोळीला गेलास तेव्हा मी तुझा फोन पाहिला. घाबरले होते म्हणून पाहिला, पण तुला न विचारता पाहिला, ते चुकलं. पुन्हा बघायचं झालं तर तुला सांगून बघेन." 'पण तू तरी' असं काही त्याला जोडू नका. तो चिडेल, दार आपटेल. आपटू द्या.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि ती फाईल ऐकव म्हणा. एक इअरबड त्याच्या कानात, एक तुमच्या. फाईल खरी बायनॉरल असेल, तर दोघांनाही नुसता सपाट सूर ऐकू येईल. बीट कुठे गेली, ते त्यालाच शोधू द्या.